गाडीचे नाक

आषाढातला रविवार होता. सकाळपासून पावसाची भुरभुर चालू होती. दुपारी मंचरमध्येच राहणाऱ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, याचं डोकं फार दुखतंय, दोनदा उलटी झाली. पित्ताची गोळी देऊ का? सकाळपासून त्या गाडीत डोकं घालून बसलाय, पोटात काही नाही."

ते गाडीचे वाक्य ती बोलली नसती, तर मीही कदाचित पित्ताचीच गोळी सांगून फोन ठेवला असता. विचारले, "गाडी कुठं आहे?" घरामागच्या पत्र्याच्या गाळ्यात. "शटर?" पावसाची झड आत येते म्हणून खाली ओढलेले. "बरोबर कोण होतं?" बहिणीची मुलगी, बॅटरी धरायला. "तिला काही होतंय का?" बहीण क्षणभर थांबली. "तीही डोकं धरून बसलीय. मला वाटलं, उपाशी म्हणून असेल."

एका घरातल्या दोघांचे डोके एकाच वेळी पित्ताने सहसा दुखत नाही. गाडी बंद करा, शटर पूर्ण वर करा, दोघांना उघड्यावर आणा आणि लगेच रुग्णालयात निघा, असे सांगितले.

भाचा तेवीस वर्षांचा. त्याच्याकडे जुनी, लहान पेट्रोल गाडी आहे. गाडीला पिकअप राहिला नाही, ही त्याची तक्रार. मित्रांनी सुचवले म्हणून त्याने 'कोल्ड एअर इनटेक'चे किट मागवले. व्हिडिओ पाहून अर्ध्या-पाऊण तासात ते बसवले आणि मग नवा आवाज ऐकण्यासाठी बंद गाळ्यात वीस-पंचवीस मिनिटे इंजिन रेस करत बसला.

रुग्णालयात बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा आला ९८. भाचा म्हणाला, "बघ मामा, ऑक्सिजन एकदम भारी आहे." कोविडच्या काळापासून हे यंत्र घराघरांत पोचले आहे, म्हणून त्याची ही खोड सर्वांना ठाऊक असावी. ऑक्सिमीटर लाल आणि अवरक्त अशा दोन प्रकाशांनी रक्ताचा रंग पाहतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवाल्या हिमोग्लोबिनसारखेच लालभडक दिसते. त्यामुळे रुग्ण गुदमरत असला तरी आकडा झकास येऊ शकतो. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. त्याला वास नाही, रंग नाही, खोकलाही येत नाही. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, पायांतले बळ जाणे आणि मग झोप, या क्रमाने तो माणसाला नेतो. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार ते सहा तास लागतात. मास्कमधून भरपूर ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. दोघांनाही मास्क लावला, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतले. दोघेही ठीक झाले. शटर अर्धा तास उशिरा वर गेले असते, तर हा लेख लिहायचे मला सुचलेही नसते.

आता त्या किटविषयी. भाच्याला मी 'हे खूळ कशाला' असे म्हटले नाही, कारण त्यामागचे शास्त्र खरे आहे. इंजिनही श्वास घेते. १२०० सीसीचे चार स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल आणि पेडल पूर्ण दाबलेले असेल, तर ते मिनिटाला जास्तीत जास्त १८०० लिटर हवा ओढते. आपण बसल्या जागी मिनिटाला सहा-आठ लिटर घेतो. दिवसभराची आपली हवा साधारण दहा-अकरा हजार लिटर. इंजिन ती सहा मिनिटांत संपवते. हवा थंड असली की दाट असते, एका लिटरमध्ये ऑक्सिजन जास्त मावतो, पेट्रोल जास्त जाळता येते. ३० अंशांची हवा बॉनेटखाली तापून ६० अंशांची झाली, तर तिची घनता सुमारे नऊ टक्के घटते. म्हणून बाहेरची थंड हवा नळीने थेट आणायची, हा या किटचा हेतू.

पण बहुतेक गाड्यांमध्ये कंपनीने बसवलेला काळा प्लॅस्टिकचा डबासुद्धा पुढच्या जाळीजवळून, म्हणजे बाहेरचीच हवा घेतो. भाच्याच्या किटमध्ये चकचकीत नळी आणि टोकाला शंकूच्या आकाराचा फिल्टर होता. मध्ये आडोसा नव्हता आणि फिल्टर येऊन बसला होता रेडिएटरच्या मागे. गाडी उभी असताना तो रेडिएटरवरून आलेली गरम हवाच ओढणार. नाव थंड हवेचे, पोटात गरम हवा! आवाज मात्र वाढला, कारण कारखान्यातल्या डब्यात आवाज दाबणारी पोकळीही असते आणि ती आता माळ्यावर गेली होती. आवाज वाढला की ताकद वाढल्यासारखी वाटते. कानाची ही फसवणूक आम्हा डॉक्टरांना नवी नाही. कडू औषध जास्त गुणकारी वाटते, त्यातलाच हा प्रकार.

आपले नाक याच्या उलट काम करते. फुप्फुसाला थंड हवा नको असते. नाक आणि घसा हवेला शरीराइतकी, सुमारे ३७ अंश गरम करतात, बाष्पाने भिजवतात आणि मगच आत सोडतात. थंडीत सकाळी पळायला गेलेल्या दमेकऱ्याची छाती भरून येते, ती तोंडाने घेतलेल्या थंड कोरड्या हवेमुळे. इंजिन आणि फुप्फुस यांचे तापमानावर एकमत नाही. धुळीवर मात्र पूर्ण एकमत आहे. दहा मायक्रॉनहून मोठे बरेचसे कण नाकातच अडकतात, अडीचहून लहान कण थेट वायुकोशांपर्यंत जातात. खाणीत, खडी क्रशरवर काम करणाऱ्यांच्या फुप्फुसात सिलिकाची बारीक धूळ जाऊन वर्षानुवर्षे व्रण होतात, त्यालाच सिलिकोसिस म्हणतात. तीच धूळ इंजिनात गेली तर पिस्टनची रिंग आणि सिलिंडर यांच्यामध्ये पॉलिश पेपरसारखी घासत राहते.

म्हणून किट बसवणाऱ्याने आधी फिल्टर पाहावा, नळीची चमक नंतर. तेल लावलेल्या कापसाच्या फिल्टरला धुऊन पुन्हा तेल द्यावे लागते. ते जास्त झाले तर पुढे हवा मोजणाऱ्या सेन्सरवर थर बसतो आणि इंजिनाचा हिशेब चुकतो. क्लॅम्प ढिला राहिला तर फिल्टर चुकवून धूळ आत जाते. काम थंड इंजिनावर करावे, बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडावी. इंजिन बंद असतानाही रेडिएटरचा पंखा एकाएकी फिरू शकतो आणि बोट सापडले तर ते आमच्याकडे शिवायला येते. भाच्याने हवेच्या तापमानाच्या सेन्सरचे कनेक्टर जोडलेच नव्हते. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला होता, तो त्याने 'आपोआप जाईल' म्हणून सोडून दिला. छातीत दुखणाऱ्या किती जणांनी मला हेच वाक्य ऐकवले आहे!

पाण्याचेही सांगायला हवे. काही किटमध्ये नळी खाली, बंपरच्या मागे नेतात. श्रावणात आपल्याकडची निम्मी तरुण मंडळी घोडेगाव-डिंभेमार्गे भीमाशंकरला निघतात. रस्त्यावर साचलेल्या पाण्यात असा फिल्टर बुडाला, तर इंजिन पाणी ओढते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. वाकतो तो कनेक्टिंग रॉड. माणसाच्या श्वासनलिकेत पाणी गेले तर निदान खोकला येतो.

गाडीतले बदल कायद्यातही बसावे लागतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ विषयी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले, की निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. किट मागवण्याआधी आरटीओत विचारलेले बरे. माझी स्वतःची तक्रार साधीच आहे. रुग्णालयाभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र असते. रात्री तिथली मर्यादा ४० डेसिबल आहे. बाळंतीण नुकतीच डोळा लावते आणि बाहेरून कोणी तरी गाडी रेस करत जातो.

आठ दिवसांनी बहिणीकडे गेलो. गाळ्याचे शटर पूर्ण वर होते आणि गाडी अंगणात. भाच्याने माळ्यावरून जुना काळा डबा काढला होता. त्यातला कागदी फिल्टर त्याने माझ्यासमोर उलटा करून आपटला. आतून मूठभर लाल माती पडली आणि कांद्याचे वाळके पापुद्रे. गाडी उभी असायची बराखीशेजारी, आणि फिल्टर घेतल्यापासून कधी बदललाच नव्हता. काही शे रुपयांचा नवा फिल्टर घालून, जुना डबा बसवून आम्ही पिंपळगाव फाट्यापर्यंत चक्कर मारून आलो.

"पिकअप आला की रे," मी म्हणालो.

"आला," तो म्हणाला, "पण आवाज नाही येत, मामा."