बोटांना दिसतं ते!

मंडळी, पेटीवाला पट्ट्यांकडे बघत नाही. बोटांनाच जागा ठाऊक असतात. गाडीतल्या बटणांचंही तसंच. विजेवरच्या नव्या गाड्यांत मात्र एसी, रेडिओ सगळं काचेच्या पडद्यावर! गुळगुळीत काचेवर बोटाला काय कळणार? नजर रस्त्यावरून हटतेच.

'वी बिलेगारे' या स्वीडिश मासिकाने २०२२ साली ताशी ११० किलोमीटर वेगात चाचणी घेतली. ठरलेली चार कामं २००५ च्या बटणवाल्या व्होल्व्होत १० सेकंदांत उरकली. विजेवरच्या एमजी मार्व्हल आरमध्ये जवळजवळ ४५ लागले. तेवढ्यात गाडी १,३७२ मीटर पुढे!

युरो एनकॅप ही सुरक्षा तपासणारी संस्था २०२६ पासून वायपर, हॉर्न, इंडिकेटर यांच्या खऱ्या बटणांना गुण देते आहे. तेव्हा गाडी घेताना रेंज बघाच. पण डोळे मिटून एसी लावता येतो का, तेही बघा. अर्थात, गाडी उभी असताना!