छप्पर घालण्याआधी आपल्या गावाचं हवामान पाहा

अक्षय्य तृतीया झाली की गटाच्या बैठकीत एक मागणी हमखास येते. कुणाला घर शाकारायचं असतं, कुणाला पत्रे बदलायचे असतात, कुणाला पापडाच्या कामासाठी शेड घालायची असते. आपण कर्ज मंजूर करतो, हप्ते ठरवतो. पण छप्पर कसलं घालणार, हे फारसं विचारत नाही. मग शेजारणीने घातलं तेच आपल्या घरावर चढतं. हप्ते दोन-तीन वर्षं चालतात आणि छप्पर पहिल्याच पावसात गळतं, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात घरात बसू देत नाही. म्हणून या वेळी छपराविषयी बोलू.

कोकणात उतरती कौलं आणि मराठवाड्यात सपाट मातीचं धाबं, हे काही आवडीनिवडीने ठरलं नव्हतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी त्याच्या पावपटच. जिथे जे जास्त छळतं, त्याच्यापासून वाचण्यासाठी छप्पर असतं.

पाऊस जास्त असेल तर

पाणी छपरावर थांबता कामा नये. कौलांना चांगला उतार लागतो. दोन फूट पुढे गेल्यावर निदान एक फूट खाली, असं धरा. पत्र्याला त्याहून कमी उतार चालतो, पण सपाट पत्रा नको. एका पत्र्यावर दुसरा निदान सहा इंच चढला पाहिजे. हुक किंवा स्क्रू बसवताना भोक पत्र्याच्या उंचवट्यावर पाडायचं, खोलगट भागात नाही. पाणी खोलगट भागातूनच वाहतं, तिथे भोक पडलं की गळती आलीच. हुकाखाली रबराचा आणि डांबराचा वॉशर हवा. दोन-पाच रुपयांचा वॉशर वाचवून हजारोंचं धान्य भिजवू नका.

वारा सुटत असेल तर

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड भागात किती घरं उघडी पडली ते आपण पाहिलं. वारा छप्पर नुसतं ढकलत नाही, तो उचलतो. दारं-खिडक्यांतून आत शिरून खालून रेटतो आणि वरून ओढतो. सगळ्यात आधी कडा, कोपरे आणि आढं सुटतं. म्हणून तिथे हुक जवळजवळ घ्या. कौलं असतील तर वळचणीकडच्या ओळी तारेने बांधा. पत्रा रिपेला, रीप वाशाला आणि वासा भिंतीला पक्का हवा. यातली एकच बांधणी कच्ची असली तरी छप्पर जातं.

पत्र्यावर दगड ठेवायची सवय मात्र सोडा. वाऱ्याने पत्रा हलला की तोच दगड खाली लेकराच्या डोक्यात पडतो.

ऊन जास्त असेल तर

चंद्रपूर, नागपूर, अकोला, जळगाव भागात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. तिथे उघडा पत्रा म्हणजे डोक्यावर तवाच. दुपारी स्वयंपाक करणारी, बाळंतीण आणि घरात पडून असलेली म्हातारी माणसं, त्रास यांनाच होतो. उपाय फार महाग नाहीत. स्लॅब असेल तर उन्हाळ्याआधी वरून चुना मारा. लोखंडी पत्र्यावर चुना टिकत नाही आणि पत्राही खराब करतो, त्याला ऊन परतवणारा पांढरा रंग लावा. अहमदाबादच्या महिला हाउसिंग ट्रस्टने वस्त्यांमधल्या बायकांना सोबत घेऊन हे काम केलं आहे. पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्यांचं माळवद केलं आणि वर गरम हवेला बाहेर जायला वाट ठेवली, तरीही बराच फरक पडतो.

धाब्याचं ओझं

मातीचं धाबं उन्हात गारवा देतं, हे खरं. पण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा हजारो माणसं दगड-मातीच्या भिंती आणि जड धाब्यांखाली गेली. गळती थांबवायला वर्षानुवर्षं मातीवर माती टाकत गेल्याने धाबी जड झाली होती. तुमच्याकडे धाबं असेल तर नवी माती टाकण्याआधी जुनी काढा. लाकूड किडलंय का, भिंत फुगलीय का, ते आधी बघा.

कामाची शेड वेगळी

घराला चालतं ते छप्पर धंद्याला चालेलच असं नाही. मसाला-पापडाच्या खोलीत पत्र्याला आतून घाम सुटतो आणि थेंब मालावर पडतात. तिथे पत्र्याखाली आच्छादन आणि हवा खेळती ठेवणारी झडप हवी. कोंबड्या उष्म्याने मरतात, त्यांची शेड उंच आणि बाजूंनी मोकळी ठेवा. उजेडासाठी मध्ये एखादा पारदर्शक पत्रा टाकला की दिवसा वीज वाचते. लोखंडी पत्र्याच्या शेडमध्ये चक्की किंवा मशीन असेल तर वायरिंग पाइपातून घ्या आणि अर्थिंग केल्याशिवाय बटण दाबू नका.

जुने सिमेंट पत्रे स्वतः कापू, फोडू किंवा घासू नका. त्यात अॅस्बेस्टॉस असेल तर त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. त्यावर थेट पायही देऊ नका, पत्रा फुटून माणूस खाली येतो. आडवी फळी टाकूनच चढावं.

आणि पाणी कमी असलेल्या गावात छपराला पन्हळ लावाच. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. 25 चौरस मीटरचं छप्पर आणि 600 मिलिमीटर पाऊस धरला तर 15 हजार लिटर होतं. थोडं वाया गेलं तरी गुराढोरांना आणि धुण्याभांड्याला मोठा आधार.

पुढच्या बैठकीत

छपरासाठी कर्ज मागणाऱ्या ताईंना एवढं विचारा: तुमच्याकडे जास्त त्रास कशाचा, पावसाचा, वाऱ्याचा की उन्हाचा? छपराखाली राहणार कोण, किंवा काम कोणतं होणार? भिंतींना वजन पेलवेल का? हुक, वॉशर, पन्हळ आणि रंगाचा खर्च अंदाजात धरलाय का?

पत्र्यांपुरतंच कर्ज घेतलं की हुक-वॉशरला पैसे उरत नाहीत आणि छप्पर तिथेच फसतं. कर्ज पाच हजारांनी वाढलं तरी चालेल, पण अर्धवट छपराचे हप्ते कुणा ताईला भरायला लागू नयेत.