सोनं शोधणाऱ्या यंत्राला सोनं कळतं का?

मी गोल्ड डिटेक्टर घेतला हे समजल्यापासून ओळखीपाळखीचे सगळे एकच प्रश्न विचारतायत: "म्हणजे खाली सोनं असलं की वाजतो, ना?" वाजतो. चॉकलेटच्या चांदीवरही वाजतो, बंदुकीच्या शिशाच्या छऱ्यावरही वाजतो आणि बुटातल्या खिळ्यावर तर फारच उत्साहानं वाजतो. गेल्या महिन्यात गावाकडच्या एका काकांचा फोन आला. त्यांना कुणीतरी 'जमिनीखाली ५० मीटरवरचं फक्त सोनंच दाखवणारं' यंत्र विकायला निघालंय आणि काका आगाऊ रक्कम भरायच्या बेतात होते. त्यांना फोनवर जे तुटक तुटक सांगितलं, ते जरा नीट मांडावं म्हणून हा लेख. सोबत माझ्या यंत्राचा पहिल्या काही आठवड्यांचा अनुभवही सांगतो.

यंत्र आहे ऑस्ट्रेलियातल्या माइनलॅब कंपनीचं गोल्ड मॉन्स्टर १०००. बाजारात येऊन काही वर्षं झाली, मला मात्र नवंकोरं. दांड्याच्या टोकाला तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल, आणि हाताशी छोटासा डबा. बटणं मोजकीच. जमिनीशी जुळवून घेण्याचं काम ते आपलं आपण करतं, त्यामुळे पहिल्याच दिवशी वापरता आलं.

आत काय चालतं? कॉइलमधून सेकंदाला ४५ हजार आवर्तनं करणारा, सतत दिशा बदलणारा विद्युतप्रवाह वाहतो. त्यामुळे तितक्याच वेगानं बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि थोडं जमिनीत शिरतं. तिथे धातू असेल तर फॅरडेच्या नियमानुसार त्या धातूत प्रवाहाचे छोटे भोवरे उठतात. हे भोवरे स्वतःचं क्षीण क्षेत्र परत पाठवतात आणि ते पकडलं की यंत्र वाजतं. बस्स. या सगळ्यात 'सोनं' कुठेही येत नाही. यंत्राला कळतं ते इतकंच, की खाली वीज वाहू देणारं काहीतरी आहे, त्यातले भोवरे अमुक वेगानं विरतायत आणि ते लोखंडासारखं चुंबकाला ओढलं जाणारं आहे की नाही. पडद्यावरचा काटा 'लोखंड असावं' किंवा 'नसावं' इतकाच अंदाज देतो. सोनं आणि अ‍ॅल्युमिनियम यांची वाहकता जवळजवळ सारखी. त्यातून नदीतलं सोनं कधीच शुद्ध नसतं. त्यात थोडी चांदी असते आणि तेवढ्यानंच त्याची वाहकता निम्म्याहून खाली येते. म्हणजे सोन्याचा दाणा आणि चुरगळलेल्या चांदीचा कपटा यांत यंत्रानं भेद करावा तरी कशाच्या आधारावर?

ही कल्पना तशी जुनी आहे आणि तिचा एक धागा कॅनडात येतो. ओंटारिओतल्या ब्रँटफर्डला ज्यांचं जुनं घर आपण पाहुण्यांना दाखवायला नेतो, त्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ साली असंच एक यंत्र वापरलं होतं. अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर २ जुलैला गोळीबार झाला. गोळी शरीरात नेमकी कुठे आहे ते डॉक्टरांना सापडेना, तेव्हा बेल आपलं उपकरण घेऊन गेले. प्रयोगशाळेत ते छान चालायचं, पण अध्यक्षांच्या अंगावर नीट खूण मिळेना. एक कारण म्हणजे गादीतल्या पोलादी स्प्रिंगा. दुसरं म्हणजे मुख्य डॉक्टरांनी शरीराची उजवीच बाजू तपासू दिली. गोळी डावीकडे होती. सप्टेंबरमध्ये गारफिल्ड गेले. यंत्र खोटं बोलत नव्हतं, ते आसपासच्या सगळ्याच धातूबद्दल बोलत होतं.

मैदानात उतरण्याआधी परसात प्रयोग केले आणि मला सगळ्यात मजा त्यातच आली. एक ग्रॅमचं वेढणं (पाडव्याला घेतात ते) पाऊण वीत खोल पुरलं तरी स्पष्ट वाजलं. मंगळसूत्र ठेवलं तर वाट्या वाजल्या, पण साखळीवर कॉइल जवळजवळ टेकवल्याशिवाय आवाज नाही, आणि साखळीत सोनं तर कितीतरी जास्त! कारण सोपं आहे. वेढणं म्हणजे अखंड वाट, त्यात प्रवाह गोल फिरू शकतो. साखळीच्या कड्या एकमेकींना जेमतेम टेकतात, त्यामुळे यंत्राला ती एक वस्तू न दिसता शेकडो चिमुकल्या कड्या दिसतात. तेव्हा समुद्रकिनाऱ्यावर साखळी हरवली तर ती डिटेक्टरनं मिळेलच, अशी फार आशा धरू नका. अंगठीची धरा.

आकाराचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. भोवरे विरायला लागणारा वेळ वस्तूच्या आकाराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. एक सेंटिमीटर व्यासाच्या शुद्ध सोन्याच्या गोळीत ते सुमारे १३० मायक्रोसेकंद टिकतात, २ मिलिमीटरच्या गोळीत जेमतेम ५. इतक्या लवकर विझणारी कुजबुज ऐकायची तर क्षेत्रही भराभर बदलायला हवं. म्हणून नाणी शोधायची साधी यंत्रं याच्या कितीतरी खालच्या वारंवारितेवर चालतात आणि बारीक सोन्यासाठी ४५ किलोहर्ट्झ लागतात. खोलीचा हिशेब तर फारच निर्दय. कॉइलच्या आकारापेक्षा खोल गेलं की जाणारं क्षेत्र अंतराच्या घनानं कमी होतं आणि परत येणारंही तसंच. म्हणजे खोली दुप्पट झाली की खूण ६४ पट क्षीण. माझ्या परसात काडेपेटीच्या गुलाएवढा सोन्याचा दाणा चार-पाच सेंटिमीटरच्या खाली गप्प झाला. ५० मीटरचा दावा ऐकला की मला हे सहावं घातच आठवतं.

यानंतर कॅरिबूला गेलो. ब्रिटिश कोलंबियातला हा भाग व्हँकुव्हरपासून गाडीनं साडेसातशे किलोमीटर. तिथे एका परिचितांचा नदीगाळातल्या सोन्यासाठीचा क्लेम आहे, त्यांच्या परवानगीनं दोन दिवस कॉइल फिरवली. जवळच विल्यम्स क्रीकवर १८६२ च्या ऑगस्टमध्ये बिली बार्करला सोनं लागलं आणि बार्करव्हिल गाव उभं राहिलं. पण ते लागलं ५२ फुटांवर, म्हणजे सुमारे १६ मीटर खोल, विहीर खणून. आज हे यंत्र घेऊन बार्कर त्याच जागी फिरला असता तर त्याला हूं की चूं ऐकू आलं नसतं.

मला काय मिळालं? दोन दिवसांत साठेक खड्डे. जुने चौकोनी खिळे, काडतुसांची टोकं, छरे, पत्र्याचे तुकडे, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, उघड्या पडलेल्या कातळाच्या चिरेत, ०.२ ग्रॅमचा एक दाणा. पेट्रोलचा खर्चही निघाला नाही. पण तो दाणा जमिनीत जेमतेम चार सेंटिमीटरवर होता आणि यंत्रानं स्वच्छ, तोकडा 'झिप' असा आवाज दिला, तो कानात बसलाय. एक अडचण काळ्या वाळूची. मॅग्नेटाइटनं भरलेल्या पट्ट्यात यंत्र सतत कुरकुरतं, कारण तिथे जमीनच बोलते. अशा जागी पल्स इंडक्शन जातीची यंत्रं बरी. ती एक झटका देऊन थांबतात आणि मग शांततेत ऐकतात. किंमत मात्र कित्येक पट.

फ्रेझर नदीवर, जिथे १८५८ साली हजारो लोक धावले, तिथे तर यंत्र नेण्यात फारसा अर्थच नाही. नदीच्या खालच्या भागातलं सोनं पिठासारखं बारीक असतं. एकेका कणात भोवरा उठायला जागाच नाही. तिथे परातच हवी. सोन्याची घनता १९.३, साध्या वाळूची २.६५. पाण्यात दोघांचंही वजन घटतं आणि फरक आणखी वाढून साधारण अकरा पट होतो. सराफ पेठेतली धूळ धुऊन सोनं काढणारे आपले झारेकरी आणि विदर्भातल्या नद्यांत वाळू धुणारे सोनझारी हाच गुणधर्म वापरत आले आहेत. माझ्या मते 'फक्त सोनं' हा दावा करण्याच्या सगळ्यात जवळ कुणी येत असेल तर ती परात. काळी वाळू तिच्यातही उरतेच, पण ती चुंबकानं काढता येते.

आता काकांचं यंत्र. जाहिरातीत हातात धरायची मूठ, तिच्यावर लटपटणारी दांडी आणि 'सोन्याची फ्रीक्वेन्सी' निवडायची कळ. जमिनीत पडलेलं सोनं कुठलीही फ्रीक्वेन्सी बाहेर सोडत नाही. लटपटणारी दांडी मनगटाच्या नकळत हललेल्या कोनानं फिरते, जशी पाणाड्याच्या हातातली काठी फिरते. अशाच एका दांडीची गोष्ट फार वाईट आहे. एडीई ६५१ नावाचं 'बॉम्बशोधक' उपकरण इराकमध्ये तपासणी नाक्यांवर वापरलं जात होतं. त्याचं मूळ गोल्फचे हरवलेले चेंडू शोधायच्या गमतीच्या खेळण्यात होतं आणि आत काम करणारं काहीच नव्हतं. विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला २०१३ साली ब्रिटनमध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. तोवर त्या दांडीवर भरवसा ठेवून कितीतरी गाड्या नाक्यांवरून पुढे सोडल्या गेल्या होत्या.

काकांना मी एकच चाचणी सुचवली. विक्रेत्याला सांगा, दहा सारख्या खोक्यांपैकी एकात काकूंची बांगडी ठेवतो, कशात ते तुम्हालाही ठाऊक नसेल आणि मलाही नसेल, ठेवणारा खोलीबाहेर जाईल. असं दहा वेळा करू. विक्रेता म्हणाला, बंद घरात यंत्राला 'अडथळा' येतो. मग अंगणात करा म्हटलं, तर त्यानं फोन उचलणं बंद केलं. शिवाय गुप्तधन मिळालंच तरी ते लगेच आपलं होत नाही. १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला की कलेक्टरला कळवावंच लागतं.

इथेही नियम आहेत. ब्रिटिश कोलंबियात सोनं शोधायला फ्री मायनर सर्टिफिकेट काढा आणि ती जागा कुणाच्या क्लेमखाली आहे का ते सरकारी मिनरल टायटल्स ऑनलाइनच्या नकाशावर आधी बघा. तिथले बरेचसे ओढे आधीच घेतलेले असतात. बार्करव्हिलसारख्या संरक्षित वारसास्थळी खणायचं नाहीच. आणि एक किरकोळ सूचना: पोलादी टोकाचे बूट घालून जाऊ नका, पहिला तासभर स्वतःच्याच पायांचा शोध लागत राहतो.