सुट्या पानांची वही

वहीचें पान सुटलें म्हणजे वही बिघडली, असें आपण लहानपणापासून मानीत आलों आहों. मी शाळामास्तर, मुलांना वर्षानुवर्षें हेंच सांगत आलों. शाळेचें जनरल रजिस्टर तर असें बांधलेलें असतें, कीं त्यांतील एखादें पान कोणीं काढलेंच, तर अनुक्रमांकावरून तें तत्काळ उघडकीस यावें. व्यापाऱ्याची रोजकीर्द आणि खतावणी शिवलेली असे, तीही याच कारणासाठीं. बांधलेलें पान साक्ष देऊं शकतें. या कसोटीस लावल्यास, आज जिच्याविषयीं चार शब्द बोलावयाचे आहेत ती वही अगदींच बेभरंवशाची ठरेल. तिच्या पाठीशीं धातूचीं सहा कडीं असतात. तीं उघडावीं, हवें तें पान काढावें, हवें तेथें घालावें, कडीं मिटावीं. मागें कांहीं खूण राहत नाहीं. बाजारांत तिला ऑर्गनायझर म्हणतात. आपण तिला कड्यांची वही म्हणूं. करारमदार, मृत्युपत्र किंवा पैशांच्या पावत्या तिच्यांत ठेवूं नयेत, हें आरंभींच सांगून टाकतों. त्या कागदांचें स्थान निराळें. परंतु जी माहिती वरचेवर बदलते ती बांधील वहींत लिहिली, कीं वर्षाच्या अखेरीस खाडाखोडीचें रान माजतें. आणि घरांतील बहुतेक माहिती याच जातीची असते.

हें सर्व हल्लीं भ्रमणध्वनींत राहतें, मग कागदाची यातायात कशाला, असें तरुण श्रोते विचारतील. प्रश्न रास्त आहे. माझ्याही खिशांत तें यंत्र आहे आणि त्याचा मला उपयोगही होतो. पण तें उघडतें माझ्या अंगठ्यानें. मी शुद्धीवर नसलों तर माझ्या पत्नीला त्यांतील एक अक्षरही दिसावयाचें नाहीं. मेजावरची वही घरांतील कोणाच्याही हातानें उघडते.

कागदास भोकें पाडून ते एकत्र अडकविण्याची युक्ति जुनी आहे. जर्मनींतील बॉन शहरीं फ्रीड्रिख सोएनेकेन या गृहस्थांनीं १८८६ सालीं भोकें पाडण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. खिशांत मावणारी सहा कड्यांची वही मात्र अमेरिकेंतून आली. फिलाडेल्फिया येथें १९१० सालीं लेफॅक्स नांवाचा व्यवसाय सुरू झाला. तेथें अभियंत्यांना लागणारीं कोष्टकें व सूत्रें सुट्या पानांवर छापून मिळत. ज्याचें जें काम, तेवढींच पानें त्यानें घ्यावीं आणि स्वतःचा ग्रंथ स्वतःच जुळवावा, ही मूळ कल्पना होती. १९२१ सालीं लंडनमध्यें निघालेल्या नॉर्मन अँड हिल या पेढीनें ती इंग्लंडांत रुजविली, आणि तेथील लष्करी अधिकारी व धर्मोपदेशक हे तिचे भक्त बनले. पेढींत तात्पुरत्या चिटणीस म्हणून आलेल्या ग्रेस स्कर नांवाच्या बाईंनीं 'माहितीची फाइल' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून वहीला 'फायलोफॅक्स' हें नांव सुचविलें. तें १९३० सालीं नोंदलें गेलें. या बाई पुढें त्याच पेढीच्या अध्यक्ष झाल्या.

या स्करबाईंचीच एक हकीकत मला फार महत्त्वाची वाटते. दुसऱ्या महायुद्धांत लंडनवर जर्मन विमानांनीं बाँब टाकले, त्यांत पेढीची कचेरी नष्ट झाली. हिशेब गेले, पत्रव्यवहार गेला. परंतु माल पुरविणारे कोण आणि गिऱ्हाइकें कोणतीं, यांची नोंद बाईंनीं आपल्या स्वतःच्या वहींत ठेवलेली होती. तेवढ्या पानांवरून धंदा पुन्हां उभा राहिला. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. वही वांचली तशा ती लिहिणाऱ्या बाईही वांचल्या होत्या. कोणतें पान कोठें आहे हें त्यांना विचारतां येत होतें. आपल्या घरांत मात्र वहीची खरी गरज पुष्कळदां अशा वेळीं पडते, कीं जेव्हां लिहिणाऱ्याला विचारण्याची सोय उरलेली नसते.

बँकेतील ठेवीचें उदाहरण घ्या. दहा वर्षें कोणीं हात न लावलेल्या ठेवी २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या एका खास निधीकडे वर्ग होतात. पैसे बुडत नाहींत. वारसांनीं बँकेकडे रीतसर मागणी केल्यास ते मिळतात. पण मागणार कोण? ठेव आहे हेंच ठाऊक नसतें. अशा बेवारस ठेवी लोकांना शोधतां याव्यात म्हणून रिझर्व्ह बँकेला २०२३ सालीं 'उद्गम' नांवाचें संकेतस्थळ उघडावें लागलें, यावरून हा विसर किती घरांत पडत असेल याची कल्पना करावी. कोठल्या बँकेंत खातें आहे, विम्याचे कागद कोणत्या कपाटांत आहेत, वारस म्हणून कोणाचें नांव लावलें आहे, एवढें एका पानावर लिहिण्यास अर्धा तास पुरे. गुप्त आंकडे मात्र तेथें लिहूं नयेत. कुलूप कोठें आहे तें वहीनें सांगावें. किल्ली वहींत टांगूं नये.

आतां विभाजकांकडे वळूं. पानांच्या गटांमध्यें घालावयाचें जें जाड पान, ज्याचा कान बाहेर डोकावतो, त्याला मी विभाजक म्हणतों. तयार वहीबरोबर असे पांच-सहा विभाजक येतात आणि त्यांवर बहुधा डायरी, टिपणें, प्रकल्प, पैसा, पत्ते अशा अर्थाचे इंग्रजी शब्द छापलेले असतात. ते वाईट नसतात, पण ते कोणा तिऱ्हाइताच्या आयुष्याचे कप्पे असतात. 'प्रकल्प' या कानामागें निवृत्त मास्तरानें काय लिहावें? आणि गॅसचा ग्राहक क्रमांक 'पैसा' या सदरांत शोधावयाचा कीं 'टिपणें' या सदरांत, हें ऐन वेळीं सुनेला कसें सुचावें? म्हणून माझें मत असें, कीं पहिला महिनाभर एकही विभाजक घालूं नये. पानें जशीं लिहिलीं जातील तशीं साठूं द्यावीं. मग एखाद्या निवांत दुपारीं तीं सगळीं सतरंजीवर मांडावीं आणि घरांतील दुसऱ्या माणसाला विचारावें, 'यांतलें हें पान तूं कोठें शोधशील?' उत्तरास जो शब्द येईल तो कानावर लिहावा. विभाजक हे लिहिणाऱ्यासाठीं नसून शोधणाऱ्यासाठीं असतात. आमच्या घरीं या रीतीनें पांच शब्द निघाले: औषधें, माणसें, घर, कागद कोठें, महिने. 'घर' या कानामागें नळवाला, वीजवाला, मीटरचा क्रमांक, टाकी धुतल्याची तारीख असा सगळा संसार आला. याहून अधिक सांगण्यासारखें त्यांत कांहीं नाहीं.

'औषधें' याविषयीं मात्र अधिक बोललें पाहिजे. गेल्या वर्षीं आमच्या शेजारीं एका गृहस्थांना रात्रीं भोंवळ आली. डॉक्टरांनीं पहिला प्रश्न केला, कीं रोजच्या गोळ्या कोणत्या? त्यांच्या पत्नीनें बिस्किटांचा डबा आणून पुढें ठेवला. आंत रुपेरी पट्ट्यांचे तुकडे होते. दुकानदारानें चार-चार गोळ्या मोजून कात्रीनें कापून दिल्या होत्या, आणि नेमका नांवाचा भाग बऱ्याच तुकड्यांवर नव्हता. गृहस्थ सावरले, पण त्या रात्रीचा पाऊण तास डब्यांतले तुकडे जुळविण्यांत गेला. दुसऱ्याच दिवशीं मीं त्या बाईंना एक पान आंखून दिलें: औषधाचें नांव, किती, केव्हां, कोणाच्या सल्ल्यानें, कोणत्या तारखेपासून, आणि बंद झालें असल्यास कधीं. पानाच्या माथ्यावर तांबड्या शाईनें, कोणतें औषध सोसत नाहीं तें. त्याखालीं रक्तगट आणि ज्याला तातडीनें बोलवावें त्याचा दूरध्वनी क्रमांक. औषधांत फेर झाला म्हणजे खोडूं नये. नवें पान लिहावें आणि जुनें त्याच्या मागें सरकवावें. सुट्या पानाचा खरा लाभ येथें दिसतो. तें काढून डॉक्टरांच्या हातीं देतां येतें. नवऱ्याचें पान डॉक्टरांनीं वाचावें, म्हणून बायकोला सगळा घरसंसार त्यांच्या मेजावर उघडा करावा लागत नाहीं.

'माणसें' या भागांत बाजारी वही सव्वीस इंग्रजी अक्षरांचे कान देते, आणि तेथें आपली फार विनोदी अवस्था होते. काळे, कदम, कांबळे, कुलकर्णी, केळकर, कोल्हटकर एकाच अक्षराखालीं दाटीवाटीनें बसतात, तर पलीकडे क्यू आणि एक्स रिकाम्या वाड्यासारखे पडून राहतात. भोसले आणि बापट इंग्रजींत एकाच बिऱ्हाडीं नांदतात. मराठीचे सगळे वर्ण घेऊन कान करावे म्हटलें तर ते फार होतात, आणि ङ, ञ, ण यांनीं आरंभ होणारें आडनांव कोठून आणावें? पण आपली वर्णमाला मुळांतच विभाजक घालून ठेवलेली आहे. उच्चाराच्या स्थानांवरून वैयाकरणांनीं पाडलेले वर्ग आपण बिगरींत घोकलेले असतात, तेच घ्यावे. स्वर एक, कवर्ग दोन, चवर्ग तीन, टवर्ग-तवर्ग मिळून चार, पवर्ग पांच, आणि यरलवपासून ज्ञपर्यंत सहा. हे सहा कान पानाच्या वरच्या कडेला काढावे, म्हणजे उजव्या कडेच्या मुख्य कानांशीं त्यांची गल्लत होत नाहीं. एका बिऱ्हाडास एक पान द्यावें. बिऱ्हाड बदललें कीं पान बदललें. आणि ज्यांचीं आडनांवें आपल्याला कधींच आठवत नाहींत अशा इस्तरीवाल्यासारख्या मंडळींना आडनांवांत कोंडूं नये. तीं 'घर' मध्येंच सुखानें राहतात.

महिन्यांचीं पानें विकत घेऊं नयेत, असें मी म्हणेन. परदेशी पानांवर त्यांचे सण असतात, आणि त्यांचें वर्ष जानेवारींत सुरू होतें. आपल्या घरांत हिशेबाचें वर्ष एप्रिलांत, शाळेचें जूनच्या सुमारास, आणि श्राद्धपक्ष, व्रतवैकल्यें तिथीप्रमाणें. गणेशचतुर्थी २०२२ सालीं ३१ ऑगस्टला आली आणि २०२३ सालीं १९ सप्टेंबरला, कारण मध्यें अधिक श्रावण होता. तेव्हां एका बाजूस इंग्रजी तारखा आणि दुसऱ्या बाजूस त्या महिन्यांतील घरच्या तिथी, अशीं बारा पानें आपणच आंखावीं. तारखांच्या बाजूनें तीं दरवर्षीं नवीं लागतील, पण तिथींची यादी बव्हंशीं तीच उतरावयाची असते. बत्तीस-तेहतीस महिन्यांनीं एक अधिक मास आंत सरकवणाऱ्या आपल्या पंचांगकर्त्यांना सुट्या पानाची युक्ति कोणीं शिकवावयास नको होती!

आतां कारागिरी. 'पर्सनल' या नांवानें विकल्या जाणाऱ्या मापाचें पान ९५ मिलिमीटर रुंद व १७१ उंच असतें. नेहमींचा ए-४ कागद २१० बाय २९७. त्यांतून अशीं पानें किती निघतील, हें उदाहरण मी मुलांना घालीत असें. बहुतेक मुलें दोन म्हणतात. दोन पानें शेजारीं शेजारीं कापलीं म्हणजे १२६ बाय २१० ची पट्टी उरते. ती आडवी फिरविली तर तिसरें पान निघतें. चौथें कोणत्याही युक्तीनें निघणार नाहीं, कारण चार पानांचें क्षेत्रफळच मूळ कागदाहून अधिक भरतें. कचेरींतल्या भोकें पाडावयाच्या यंत्राची दोन भोकें ८० मिलिमीटर अंतरावर असतात, तीं येथें निरुपयोगी. या वहीला तीन-तीन भोकांचे दोन गट लागतात. गटांत भोकाभोकांमध्यें १९ मिलिमीटर आणि दोन गटांमध्यें ५१. मोजीत बसण्यापेक्षां तयार पान वर ठेवून पेन्सिलीनें ठिपके द्यावे आणि एकभोकी पंचानें भोकें पाडावीं. पहिलें आणि शेवटचें पान कड्यांपाशीं लौकर फाटतें, म्हणून दोन्हीकडे एकेक पुठ्ठ्याचें पान घालावें.

विभाजकांसाठीं जाड लग्नपत्रिकांसारखा दुसरा कागद नाहीं. आलेल्या पत्रिका टाकवत नाहींत आणि ठेववतही नाहींत. त्यांची ही उत्तम सद्गति होय. विभाजक पानाहून सात-आठ मिलिमीटर रुंद कापावा, पण कव्हराच्या बाहेर जाणार नाहीं हें आधीं मोजून पाहावें. १७१ मिलिमीटरांत सहा कान पाडले तर प्रत्येकाला साडेअठ्ठावीस मिलिमीटर येतात. दोन मराठी शब्द ठसठशीत लिहिण्यास ते पुरतात आणि एक कान दुसऱ्यास झांकीत नाहीं. सातवा पाडला कीं अक्षर बारीक होतें, आणि चष्मा सांपडत नसतांनाही तें वाचतां आलें पाहिजे.

पांच कानांचीं नांवें वर सांगितलीं. सहावा आम्हीं कोरा ठेवला आहे. कोठें जावें हें ज्यांचें ठरलेलें नाहीं अशीं पानें त्याच्या मागें येऊन राहतात. महिन्याच्या शेवटच्या रविवारीं आम्हीं दोघें तीं काढून बसतों. कांहीं योग्य जागीं जातात, कांहीं फाडलीं जातात, आणि एखादें तेथेंच पुढच्या महिन्यापर्यंत राहतें.