सशाने गवताकडे पाठ फिरवली तर

समजा, सकाळी शाळेला निघण्यापूर्वी तुम्ही सशाच्या खुराड्यात डोकावलात. रात्री घातलेले गवत जसेच्या तसे पडले आहे. कोथिंबिरीची काडी नाकाशी धरली तर तो हुंगतो आणि तोंड फिरवतो. एरवी तुमची चाहूल लागताच दाराशी येणारा हा प्राणी आज कोपऱ्यात अंग चोरून, डोळे अर्धवट मिटून बसला आहे. खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर रोज लेंड्यांचा सडा पडलेला असतो. आज चार-दोनच आहेत आणि त्याही मिरीएवढ्या. आजी म्हणते, "पोट बिघडलं असेल. एक दिवस लंघन करू दे, येईल ताळ्यावर."

माणसाच्या बाबतीत आजीचा सल्ला वाईट नाही. धडधाकट कुत्र्यानेही एखादी एकादशी केली तर बहुधा काही बिघडत नाही. सशाला मात्र एकादशी झेपत नाही. दहा-बारा तास ससा काही खात नसेल आणि लेंड्याही टाकत नसेल, तर त्याला त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर डॉक्टरांकडे न्यायला हवे. 'उद्या बघू' म्हणून थांबल्यामुळे ससे दगावतात. असे का व्हावे, हे समजण्यासाठी त्याच्या पोटात शिरले पाहिजे.

पण त्याआधी एक खुलासा. गोष्टीत कासवाबरोबर शर्यत लावणारा, पंचतंत्रात सिंहाला विहिरीत उडी घ्यायला लावणारा आणि चंद्राला 'शशांक' हे नाव मिळवून देणारा आपला ससा वेगळा. तो मलंगगडाच्या परिसरात किंवा बदलापूरच्या पुढच्या माळरानावर आजही एखादे वेळी दिसतो. तो रानचा प्राणी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे. बाजारात विकत मिळणारा पांढरा, करडा किंवा ठिपक्यांचा ससा हा त्याचा दूरचा भाऊबंद. त्याचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे, जमिनीत बिळे करून राहणारे. मराठीत दोघांना एकच शब्द असल्यामुळे घोटाळा होतो. आपण बोलतो आहोत ते या पाहुण्याबद्दल.

पोटातला कारखाना

गवतात सेल्युलोज भरपूर असते आणि ते पचवणारे पाचकरस कोणत्याही सस्तन प्राण्याला स्वतः तयार करता येत नाहीत. हे काम सूक्ष्मजीवांकडून करून घ्यावे लागते. गाय-म्हैस त्यासाठी जठराच्या आधीच मोठी पिशवी बाळगते आणि सावकाश रवंथ करते. सशाने वेगळी सोय केली आहे. लहान आतडे जिथे मोठ्या आतड्याला मिळते, तिथे त्याला अंधनाल नावाची एक भली मोठी पिशवी असते. माणसात हा भाग अगदीच लहान राहिला आहे. सशाच्या पोटात मात्र सर्वांत जास्त जागा अडवणारा अवयव हाच. त्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव रात्रंदिवस गवत आंबवत असतात. घोड्याची व्यवस्थाही अशीच, पोटाच्या मागल्या भागात. (पूर्वी प्रवासी इथे घोडे बदलत म्हणून गावाचे नाव बदलापूर पडले, असे सांगतात. त्या घोड्यांच्या पोटातही हाच कारखाना होता आणि तो बंद पडला की पोटशूळ उठून घोडाही प्राणास मुकतो.)

अंधनालाच्या पुढे मोठ्या आतड्यात एक नामी गोष्ट घडते. तिथे खाल्लेल्या मालाची चाळणी होते. जाड, लांब धागे लवकर पुढे ढकलले जातात आणि कोरड्या, गोल लेंड्या होऊन बाहेर पडतात. बारीक कण आणि पाणी मात्र उलट्या दिशेने मागे अंधनालात ढकलले जाते. तिथे ते आंबते. दिवसातून एक-दोन वेळा, निवांतपणी, अंधनालातला हा ऐवज मऊ, चकचकीत, काळ्या द्राक्षांच्या छोट्या घोसासारख्या लेंड्यांच्या रूपाने बाहेर येतो आणि ससा तो थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन गिळून टाकतो.

शी! म्हणू नका. त्या घोसात सूक्ष्मजीवांनी तयार केलेली प्रथिने आणि 'ब' गटातील जीवनसत्त्वे असतात. गाय जे रवंथ करून साधते, तेच ससा दुसऱ्यांदा खाऊन साधतो. फ्रान्समधील पशुवैद्य मोरो यांनी १८८२ साली या दोन प्रकारच्या लेंड्यांची नोंद केली होती. पण ती बरीच वर्षे दुर्लक्षित राहिली आणि १९३९-४० च्या सुमारास शास्त्रज्ञांना हीच गोष्ट पुन्हा नव्याने शोधावी लागली. इतकी वर्षे घरोघर ससे पाळले जात होते, तरी कोणी नीट बघितले नाही!

आता मुख्य मुद्दा. हे सारे यंत्र हलते ठेवतो तो गवताचा चोथा. त्या जाड धाग्यांच्या स्पर्शाने आतड्याला आकुंचन-प्रसरणाची चालना मिळते. वरून चोथा येणे थांबले की आतड्यांची हालचाल मंदावते. आतला माल तिथेच साचतो, त्यातले पाणी शोषले जाऊन तो घट्ट होतो. अंधनालातील सूक्ष्मजीवांचा समतोल बिघडतो आणि वायू धरतो. वायूने पोट दुखते. पोट दुखते म्हणून ससा आणखी खात नाही, आणि खात नाही म्हणून आतडे आणखी मंदावते. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे वरच्या वाटेनेही सुटका नाही. भरीस भर म्हणजे उपाशी शरीर साठवलेली चरबी वापरू लागते आणि तिचा लोंढा यकृतावर येतो. गुबगुबीत सशाला हा धोका अधिक असतो. लाडाने जाड केलेला ससा म्हणूनच लवकर संकटात सापडतो.

पूर्वी पुस्तकांत लिहीत की, ससा अंग चाटतो, केस पोटात जातात, त्यांचा गोळा होऊन वाट अडते आणि म्हणून तो खाणे सोडतो. मेलेल्या सशाच्या जठरात केसांचा गोळा सापडेही. पुढे लक्षात आले की, निरोगी सशाच्या जठरातही केस असतातच. ते गवताबरोबर पुढे निघून जातात. आतडी मंदावली की आतले पाणी आटते आणि केस-गवताची वळकटी होते. म्हणजे बहुतेक वेळा गोळा हे कारण नव्हे, परिणाम. विज्ञानात अशी उलटापालट पुष्कळदा करावी लागते.

आतडी मंदावली कशाने?

न खाणे हा स्वतः रोग नव्हे. ती खूण आहे. मागे काय दडले आहे ते शोधावे लागते आणि आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली जागा म्हणजे ताटली. सशाला गाजर, बिस्किट, पोळी, भिजवलेले हरभरे घालणारी घरे थोडी नाहीत. गाजराची कल्पना तर गोष्टींतून आणि १९४० साली अवतरलेल्या बग्ज बनी या व्यंगपटातल्या सशामुळे डोक्यात पक्की बसली आहे. गाजरात साखर बरीच. एखादी चकती खाऊ म्हणून ठीक, जेवण म्हणून नाही. पिठूळ आणि गोड अन्नाने अंधनालात नको ते जंतू माजतात. सशाच्या आहारात चार-पंचमांशाहून अधिक वाटा गवताचा हवा. तबेल्यांना वाळलेले गवत पुरवणाऱ्यांकडे ते मिळते. ते हिरवट, सुवासिक आणि कोरडे असावे. भाताचा पेंढा अंथरायला चांगला, पण त्यात कस कमी. पावसाळ्यात गवताला बुरशी धरते. असे गवत घालू नये. जूनमध्ये चार दिवसांत कोवळा हिरवा चारा उगवतो, तोही एकदम भारा भरून न घालता आठवडाभरात हळूहळू वाढवावा. आणि वालधुनी नदीच्या काठचे किंवा कारखान्यांच्या नाल्यालगतचे गवत कितीही लुसलुशीत दिसले तरी आणू नये.

दुसरी जागा म्हणजे तोंड. सशाला २८ दात असतात आणि ते सर्व जन्मभर वाढत राहतात. पुढचे पटाशीचे दात आठवड्याला सुमारे २ मिलिमीटर, म्हणजे वर्षाला सुमारे १० सेंटिमीटर वाढतात! गवत तासन्‌तास चावल्यानेच ते झिजतात. मऊ अन्नावर वाढलेल्या सशाच्या दाढांना टोके येतात आणि ती जिभेला किंवा गालाला टोचतात. असा ससा भुकेने अन्नापाशी येतो, घास उचलतो आणि टाकून देतो. हनुवटी लाळेने ओली असते. ही खूण पाहिली असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

तिसरी जागा हवेत आहे. सशाला घाम जवळजवळ येत नाही. तो अंगातली उष्णता मुख्यतः लांब कानांतून बाहेर टाकतो. पारा ३० अंशांच्या आसपास गेला की त्याला त्रास सुरू होतो आणि बदलापूरकडे एप्रिलमध्ये तो चाळिशी ओलांडतो, कारण समुद्राचा वारा इथवर पोहोचेपर्यंत दुपार टळू लागते. पत्र्याच्या छपराखाली किंवा पश्चिमेच्या गच्चीत ठेवलेल्या पिंजऱ्याचे काय होत असेल? उन्हाळ्यात सशाला घरातल्या सर्वांत थंड फरशीवर जागा द्या, खिडकीला ओले गोणपाट लावा, फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली शेजारी ठेवा. पाणी नळीच्या बाटलीपेक्षा जड वाडग्यात ठेवले तर ससा अधिक पितो.

भीती हेही कारण आहे. दिवाळीच्या फटाक्यांनंतर दुसऱ्या दिवशी सशाने गवताला तोंड लावले नाही, तर त्यात नवल नाही. रानात तो सर्वांचे भक्ष्य. आवाज झाला की पळायचे आणि दुखले तरी दाखवायचे नाही, हा त्याचा स्वभाव. म्हणूनच आजारी दिसेपर्यंत तो बराच आजारी झालेला असतो.

त्या सकाळी काय कराल?

प्रथम हात कानाला लावा. कान तापलेले असतील, ससा धापा टाकत असेल, तर त्याला उष्माघात झालेला असू शकतो; सावलीत घ्या, ओल्या फडक्याने कान पुसा, पण गार पाण्यात बुडवू नका. उलट कान थंडगार आणि अंग मलूल असेल तर त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून ऊब द्या. थंड पडलेला ससा हा जास्त गंभीर रोगी समजावा. दोन्ही वेळा डॉक्टर गाठायचे आहेतच.

मग हलक्या हाताने पोट चाचपा. ते ढोलासारखे ताणलेले असेल तर घटकाभरही थांबू नका आणि तोंडात काही घालू नका. आतडे कुठेतरी बंद झाले असण्याची शक्यता असते. पोट मऊ असेल आणि ससा सावध असेल तर ताजे गवत, ओली कोथिंबीर, पुदिना समोर ठेवा आणि डॉक्टरांकडे निघण्याची तयारी होईपर्यंत त्याला खोलीत मोकळे सोडा. हालचालीने आतड्यालाही थोडी चालना मिळते. पण जबरदस्तीने घास कोंबू नका. अन्न श्वासनलिकेत गेले तर दुसरेच संकट.

घरातल्या औषधांच्या डब्याला मात्र हात लावू नका. ओव्याचा अर्क नको, माणसाची वेदनाशामक गोळी नको, आणि उरलेले प्रतिजैविक तर मुळीच नको. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन ही आपल्याला तारणारी औषधे सशाला तोंडावाटे दिली तर अंधनालातले उपयोगी जंतू मरतात, क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू माजतात आणि त्यांच्या विषाने ससा दोन-चार दिवसांत मरू शकतो. मदत म्हणून दिलेल्या अर्ध्या गोळीने ससा गेला, याहून वाईट काय?

डॉक्टर कोणते, हा आपल्याकडे खरा प्रश्न आहे. गुरांचा दवाखाना गाई-म्हशींसाठी, बाकीचे बहुतेक कुत्र्या-मांजरांसाठी. कल्याण-डोंबिवलीपर्यंत पाळीव प्राण्यांचे दवाखाने आहेत, पण ससा तपासण्याची सवय प्रत्येकालाच असते असे नाही. म्हणून फोन करून 'ससा पाहता का?' हे विचारण्याचे काम ससा ठणठणीत असतानाच उरकावे आणि नंबर खुराड्यावर चिकटवून ठेवावा. परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे. महाविद्यालय १८८६ पासूनचे. पण बदलापूरहून परळ म्हणजे साठ किलोमीटरच्या आसपास, आणि सकाळच्या लोकलमधली गर्दी तुम्हाला ठाऊक आहे. अर्धमेल्या सशाला त्या चेंगराचेंगरीत नेण्यापेक्षा जवळच्या जाणत्या डॉक्टरांकडे रिक्षाने अर्ध्या तासात पोहोचणे बरे. टोपलीत त्याचेच अंथरूण आणि मूठभर गवत घाला, वरून फडके टाका. शेवटच्या लेंड्या कागदात बांधून न्या. त्या पाहून डॉक्टरांना बरेच कळते.

डॉक्टर पोट आणि दात तपासतील, कदाचित क्ष-किरण चित्र काढतील. कातडीखाली सलाईन, वेदना थांबवणारे औषध आणि अडथळा नसल्यास आतड्याला चालना देणारे औषध हा नेहमीचा उपचार. त्यानंतर भिजवून वाटलेले चोथ्याचे अन्न बिनसुईच्या पिचकारीने, पटाशीचे दात आणि दाढा यांमधल्या मोकळ्या जागेतून थोडे थोडे भरवावे लागते. ते कसे, हे डॉक्टरांकडूनच हाताने करून शिकून घ्या. रात्री दोन-तीनदा उठावे लागेल.

एक वही घाला. निरोगी ससा दिवसाला दोन-तीनशे लेंड्या टाकतो. वर्तमानपत्र बदलताना त्या साधारण किती, केवढ्या, हे रोज लिहा. आठवड्यातून एकदा घरच्या तराजूवर त्याचे वजन करा. शिक्षकांनी वर्गात ससा ठेवला असेल, तर मुलांनी पाळीपाळीने ही वही भरायला हरकत नाही. सुट्टी लागली की ससा कोणाच्या घरी जाणार, हे मात्र आधी ठरलेले हवे.

उपचारानंतर पहिल्या लेंड्या बारीक, वेड्यावाकड्या, कधी केसांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. घाबरू नका, यंत्र सुरू झाल्याची ती खूण. पण ससा आपण होऊन गवत चावू लागेपर्यंत आणि लेंड्या पुन्हा वाटाण्याएवढ्या होईपर्यंत औषध आणि भरवणे डॉक्टरांना न विचारता थांबवायचे नाही.