नोकरी की गोठा?

“नोकरी सोडून म्हशी पाळू काय?” असा प्रश्न सोलापूर जिल्ह्यातील शिकलेले तरुण वारंवार विचारतात. त्याचे उत्तर उत्साहाने नव्हे, हिशेबाने द्यावयास हवे.

पगार बाराही महिने येतो. म्हैस मात्र एका वेतात साधारणतः दहा महिने दूध देते. भाकड काळातही तिला पोसावे लागतेच. आपल्याकडील पंढरपुरी म्हैस काटक खरी. तथापि रोज सहा किलो कोरडी वैरण धरली तरी वर्षाला सुमारे २२ क्विंटल कडबा लागतो. हिरवा चारा व पेंड निराळीच. २०१२-१३ च्या दुष्काळात सांगोला-मंगळवेढा भागातील जनावरे छावण्यांत न्यावी लागली, हे विसरू नये.

म्हणून नोकरी न सोडता, घरच्या माणसांच्या मदतीने प्रथम दोनच म्हशी पाळाव्यात. त्यांच्या विण्यात पाच-सहा महिन्यांचे अंतर असावे, म्हणजे दूध खंडत नाही. पूर्ण एका वेताचा जमाखर्च वहीत मांडावा. त्यात घरच्यांची मजुरीही धरावी. एवढे करून शिल्लक उरली व वर्षाचा कडबा गंजीत असला, तरच गोठा वाढवावा. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी तरुणास सल्ला देण्यापूर्वी ही वही अवश्य पाहावी.