वर्गातले जंतू आणि बाईंचा पदर

जून महिन्यात शाळेची घंटा वाजली की पंधरा दिवसांत आमच्या दवाखान्यातल्या बाकावर दप्तरे दिसू लागतात. कुणाचे नाक वाहते, कुणाला ढास लागते, कुणाचा कान ठणकतो. यात नवे काही नाही. पावसाळी हवा, एका खोलीत तीस-चाळीस लेकरे आणि बंद खिडक्या. जंतूंना आणखी काय हवे? पण त्याच बाकावर दरवर्षी आणखी एक पेशंट येऊन बसतो आणि त्याच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. तो म्हणजे प्राथमिक शाळेचा शिक्षक. आज त्याच्याविषयी, खरे म्हणजे अशा एका बाईंविषयी लिहायचे आहे.

आमच्या बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या या बाई माझ्या बऱ्याच वर्षांच्या पेशंट. नाव लिहीत नाही. त्यांना ते आवडायचे नाही. पहिली ते चौथीचे वर्ग आणि दोन शिक्षक, अशी त्यांची शाळा. पोरे त्यांना मॅडम म्हणतात, गावातल्या म्हाताऱ्या बाई म्हणतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्या दर तीन आठवड्यांनी सर्दी-खोकला घेऊन यायच्या. "डॉक्टर, माझी प्रतिकारशक्तीच गेलीय. एखादे चांगले टॉनिक लिहून द्या," असा त्यांचा आग्रह असे. मी टॉनिक दिले नाही, कारण सांगितले. तेच वाचकांनाही सांगतो.

सर्दी पुन:पुन्हा का होते?

सर्दी करणारे विषाणू दोनशेहून अधिक प्रकारचे आहेत. एकाशी शरीराची ओळख झाली तरी पुढचा अनोळखीच असतो. लहान मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणे हे सर्वसाधारण आहे. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात वर्षाकाठी दोनशेच्या आसपास सर्द्या झाल्या! त्यांतल्या काही बाईंच्या वाट्याला येणारच. नवीन शिक्षकांची पहिली एक-दोन वर्षे अशीच जातात, पुढे शरीर सरावते, असा माझा अनुभव आहे. या सर्दीवर अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग होत नाही, कारण ती औषधे जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. विश्रांती, भरपूर पाणी आणि ताप असेल तर पॅरासिटामॉल एवढे पुरते.

मग बाईंनी एक चांगली गोष्ट केली. जंतू वर्गात फिरतात कसे, ते त्या आठवडाभर नुसत्या पाहत राहिल्या. पोरे थुंकी लावून पाटी पुसतात. पेन्सिल एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जाते. एकच पेला पाण्याच्या रांजणात बुडतो आणि वीस ओठांना लागतो. आणि पहिलीतले पोर रडत आले की बाईंच्या पदरात तोंड खुपसते. त्याचे नाक तिथेच पुसले जाते, आणि त्याच पदराने बाई आपल्या कपाळाचा घाम टिपतात!

त्यांनी केलेले उपाय फार खर्चाचे नव्हते. पाटीसाठी ओल्या फडक्याचा तुकडा प्रत्येकाच्या दप्तरात आला. रांजणाला लांब दांड्याचे ओगराळे आले. साबणाची वडी जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांधली, म्हणजे ती मातीत पडत नाही आणि हरवतही नाही. खिचडीपूर्वी आणि शौचानंतर हात धुवायचे, ते दोनचा पाढा सावकाश म्हणून होईपर्यंत. खिडक्या उघड्या ठेवायच्या. शिंक आली तर तळहात पुढे न करता कोपराच्या खोबणीत शिंकायचे. आणि बाईंचा पदर खोचलेला, नाकासाठी वेगळा रुमाल. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या, पुढे उघडल्या, मुखपट्ट्या आल्या आणि गेल्या. या शाळेतली जाळीतली वडी मात्र आधीही होती आणि नंतरही राहिली. मातीने माखलेल्या हातांना सॅनिटायझरपेक्षा साबण-पाणीच बरे, हेही इथे सांगून ठेवतो.

घरी पाठवा, पण कोणाच्या घरी?

आजारी मुलाला घरी ठेवा, असे आम्ही डॉक्टर सहज सांगतो. बाईंनी एकदा मला विचारले, "डॉक्टर, घराला कुलूप असेल तर?"

आमच्या भागात दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात. आई-बाप कारखान्यावर ऊस तोडायला गेले की लेकरू एक तर त्यांच्याबरोबर जाते आणि शाळेला मुकते, नाही तर आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहते. अशा मुलाला ताप आला तर त्याला न्यायला येणार कोण? आजी रोजाने खुरपायला गेलेली असते. शिवाय दुपारची खिचडी हे कित्येकांचे दिवसातले भरवशाचे जेवण. शासनाच्या नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला या आहारातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. मूल घरी पाठवले की तेवढे अन्न त्याच्या पोटातून गेले. म्हणून विनाकारण कोणालाही घरी पाठवू नये आणि कारण असेल तेव्हा पाठवल्याशिवाय राहू नये. त्यासाठी पुढील माहिती कापून शाळेत लावली तरी चालेल.

घरी ठेवावे: ताप असलेले मूल, तापाचे औषध न घेता २४ तास अंग थंड राहीपर्यंत. जुलाब-उलट्या असतील तर त्या थांबल्यावर आणखी एक-दोन दिवस. तोवर ओआरएसचे पाणी द्यावे. कांजिण्यांमध्ये सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, म्हणजे साधारण पाच-सहा दिवस. गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस. गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस. डोळे आले असतील तर पाणी आणि चिपडे थांबेपर्यंत. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली होती, ती विसरलेली नसावी. शेजाऱ्याच्या बाटलीतले थेंब डोळ्यात घालू नयेत.

घरी पाठवू नये: ताप नसलेली साधी सर्दी. डोक्यातल्या उवा-लिखा. पोटातले जंत. आणि खरूज, पहिल्या रात्रीचे औषध लावून झाले असेल तर. हे आजार त्रासाचे आहेत, पण त्यासाठी मुलाची शाळा बुडवायचे कारण नाही. दाराजवळ एकटे बसवायचे तर मुळीच नाही.

ताबडतोब दवाखान्यात न्यावे: श्वास जोरात चालतो आणि छाती आत ओढली जाते, मूल गुंगीत आहे, पाणीही पीत नाही, सात-आठ तासांत लघवी नाही, झटका आला, तापाबरोबर मान ताठ झाली किंवा अंगावर जांभळे डाग उठले. अशा वेळी पालकांची वाट पाहू नये. १०८ वर फोन करावा.

खरूज आणि उवा: एकट्याचे दुखणे नव्हे

दुसरीतल्या एका मुलाला बाईंनी पदरचे पैसे घालून खरजेचे मलम आणून दिले. महिन्याने खरूज परत. पुन्हा मलम, पुन्हा खरूज. कारण साधे आहे. खरजेचा किडा एकाच अंथरुणात झोपणाऱ्यांमध्ये फिरतो. एकाला मलम लावून काय होणार? शेवटी आरोग्य केंद्रातून औषध घेऊन एका रात्री घरातल्या सातही जणांना मानेपासून तळपायापर्यंत मलम लावले, सकाळी अंघोळ, कपडे-गोधड्या गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. आठ दिवसांनी पुन्हा एकदा तसेच. खरूज गेली. किडा मेला तरी खाज दोन-चार आठवडे राहू शकते, म्हणून घाबरून रोज मलम चोपडू नये.

उवांचेही तसेच. औषधाने उवा मरतात, लिखा राहतात. म्हणून सात ते दहा दिवसांनी औषध पुन्हा लावायचे आणि रोज बारीक फणी फिरवायची. उवा झाल्या म्हणून मुलीचे केस भादरणाऱ्या आज्या आजही आहेत. त्या पोरीला वर्गात तोंड वर करवत नाही. आजीबाई, तेवढे करू नका.

पोटात दुखते म्हणजे काय?

प्रार्थनेला उभे राहिले की अमुक मुलाच्या रोज पोटात दुखते, अशी नोंद बाईंच्या वहीत होती. जंताची गोळी झाली, तरी दुखणे तसेच. सुटीच्या दुसऱ्या दिवशी जास्त. शेवटी कळले की पोर रात्री जेमतेम जेवते आणि सकाळी काळा चहा पिऊन येते. तेव्हापासून बाईंच्या कपाटात फुटाणे-गुळाचा डबा असतो. प्रार्थनेआधी "कोणाला फळा पुसायचाय?" असे विचारून दोन-तीन पोरांना आत बोलावतात आणि हातावर मूठभर ठेवतात. इतरांना कळत नाही, त्यामुळे घेणाऱ्याला लाज वाटत नाही.

सरकारी सोयी आहेत, त्या वापरल्या पाहिजेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचे पथक वर्षातून एकदा शाळेत येऊन तपासणी करते. डोळे, कान, हृदय, दात, सगळे पाहतात. त्या दिवशी मूल गैरहजर नको. वर्षातून दोनदा जंताची गोळी मिळते, ती चावून खायला सांगावी. लोहाची गुलाबी गोळी आठवड्यातून एकदा, खिचडी खाल्ल्यावर द्यावी. उपाशीपोटी दिली तर मळमळते आणि मग गावभर अफवा उठते.

एक खोकला

बाईंच्या नजरेने काय साधते, त्याचे एक उदाहरण सांगतो. तिसरीतली एक मुलगी. आई-बाप कारखान्यावर, ती आजीपाशी. दिवाळीनंतर ती खेळाच्या तासाला बसून राहू लागली. फ्रॉक ढगळ झाला. बाईंनी विचारले तेव्हा तिने आपले काही सांगितले नाही. "आजी लई खोकते," एवढेच म्हणाली. बाई दोघींना घेऊन माझ्याकडे आल्या. आजीला दोन महिन्यांपासून खोकला होता आणि मजुरी बुडेल म्हणून ती अंगावर काढत होती. ग्रामीण रुग्णालयात तिच्या बेडक्यात क्षयाचे जंतू सापडले. मुलीच्या छातीच्या फोटोतही क्षय दिसला.

गावात बातमी गेली आणि चार पालक शाळेत आले. पोरीला वर्गात बसवू नका म्हणाले. बाईंनी माझ्याकडून विचारून घेतले होते, तेच त्यांना सांगितले. लहान मुलाचा क्षय सहसा दुसऱ्याला लागत नाही, कारण त्याच्या खोकल्यात जंतू फार थोडे असतात. लहान मुलाला क्षय झाला की तो बहुधा घरातल्या मोठ्या माणसाकडून आलेला असतो. म्हणजे त्या आजीबरोबर ओट्यावर बसणाऱ्या मोठ्यांनीच आपला खोकला तपासून घ्यायला हवा होता! मुलगी पहिल्या रांगेतच बसत राहिली. सहा महिन्यांचे औषध दोघींनाही मोफत मिळाले. रोजची गोळी घेतल्याची खूण बाई वहीत करत. आई-बाप परत आले तेव्हा पोरीचे वजन वाढले होते आणि परीक्षाही चुकली नव्हती. क्षयाच्या रुग्णाला आहारासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा हजार रुपये मिळतात, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर तपासणी करावी, हा नियम लहानांनाही आणि मोठ्यांनाही.

बाईंची काळजी कोण घेणार?

१८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू करणाऱ्या सावित्रीबाई फुले यांचा मृत्यू १० मार्च १८९७ रोजी प्लेगने झाला. प्लेगने आजारी असलेल्या एका मुलाला त्यांनी स्वत: उचलून दवाखान्यात आणले होते. तेव्हा प्लेगवर औषध नव्हते. आज बहुतेक आजारांवर औषध किंवा लस आहे, म्हणून मुलांना जवळ घेणाऱ्या शिक्षकांनी स्वत:कडे दुर्लक्ष करण्याचे कारण उरलेले नाही.

शिक्षकांनो, ताप असताना शाळेत जाऊ नका. तुमचा ताप तीस घरांत जातो. लग्न ठरलेल्या किंवा मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या शिक्षिकांनी कांजिण्या आणि रुबेला पूर्वी झाले होते का, लस घेतली होती का, हे डॉक्टरांशी आधीच बोलावे. या लसी गर्भारपणात देता येत नाहीत. गरोदर असताना वर्गात कांजिण्यांचे किंवा पुरळाचे मूल आढळले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. घरी गेल्यावर आपल्या लेकराला उचलण्याआधी हात-तोंड धुवावे. आणि मुलांना मनाने अँटिबायोटिक किंवा ॲस्पिरिन देऊ नये.

पालकांनो, सकाळी तापाची गोळी देऊन मूल शाळेत ढकलू नका. घरी ठेवणे जमत नसेल तर बाईंना खरे सांगा, त्या मार्ग काढतील. कारखान्यावर जाताना उचलला जाईल असा एक फोन नंबर आणि लेकराचे लसीकरणाचे कार्ड शाळेत ठेवून जा. गोवराच्या दोन मात्रा झाल्या आहेत का ते पाहा. २०२२ मध्ये मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवराची साथ आली, तिचा मोठा तडाखा लस न घेतलेल्या मुलांना बसला.

आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सभासदांनी पुढच्या बैठकीत दोनच गोष्टी विचाराव्यात. नळाला पाणी येते का, आणि साबण कोणाच्या पैशाने येतो? आमच्या बाईंच्या शाळेत तो बरीच वर्षे बाईंच्याच पगारातून येत होता.